दोघांचा संधिवात, एकच घर: एका ज्येष्ठ जोडप्याच्या हालचालीचा प्रकरण अभ्यास

गुडघा दुखतो म्हणून बसून राहिलेला माणूस आणि जोडीदाराचा गुडघा दुखतो म्हणून बसून राहिलेला माणूस, या दोघांना तपासले तर मांड्या सारख्याच रोडावलेल्या दिसतात. कारण मात्र वेगळे असते, आणि उपाय कारण पाहूनच करावा लागतो. पुढचे प्रकरण अशा घराचे आहे जिथे दोघांनाही संधिवात आहे आणि दोघेही एकमेकांच्या काळजीपोटी थांबलेले आहेत.

फिजिओथेरपीच्या कामात अशी जोडपी वारंवार भेटतात. इथली जोडी त्यांतल्या अनेकांच्या हकिकती एकत्र करून उभी केली आहे. त्यामुळे वये आणि मोजमापे प्रातिनिधिक आहेत, कुणा एका घरची नाहीत. त्यांना काका आणि काकू म्हणू.

पार्श्वभूमी

काका ७२ वर्षांचे. दोन्ही गुडघ्यांची झीज, उजवा जास्त दुखरा. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८४ किलो, रक्तदाबाची गोळी चालू. आठ वर्षांपूर्वी एक्स-रे पाहून कुणीतरी त्यांना सांगितले होते, "गादी झिजलीय, वंगण संपलंय, आता जपून." ते वाक्य त्यांनी जन्मठेपेसारखे स्वीकारले. आधी जिना सुटला, मग लांबचे चालणे, मग जवळचेही.

काकू ६७ वर्षांच्या. त्यांना ऱ्हुमॅटॉइड संधिवात, म्हणजे बोलण्यात ज्याला आमवात म्हणतात तो, १४ वर्षांपासून. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे आमवात आटोक्यात ठेवणारे औषध, जोडीला फॉलिक ॲसिड. संधिवाततज्ज्ञांच्या शेवटच्या तपासणीनुसार आजार आटोक्यात. मनगटे, बोटांची मुळे आणि पावलांचा पुढचा भाग हे दुखरे भाग. सुरुवातीची काही वर्षे स्टेरॉइड घ्यावे लागल्याने हाडांची घनता कमी झालेली. एकदा पाय अडखळून तोल गेला होता. पडल्या नव्हत्या, पण त्या दिवसापासून एकट्या बाहेर पडणे बंद.

भेटीची वेळ काकांच्या नावावर होती. काकू "सोबत" म्हणून आल्या होत्या. आत बोलावल्यावर त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या आणि काकांना विचारलेल्या निम्म्याअधिक प्रश्नांची उत्तरे त्यांनीच दिली. गुडघा कधी दुखतो, रात्री झोप लागते का, किती पायऱ्यांनंतर थांबावे लागते, सगळे त्यांना माहीत होते. स्वतःच्या मनगटांबद्दल मात्र विचारल्यावरही "माझं काय, चालायचंच" एवढेच. दोघांचीही नोंद करायची असे मी तिथेच ठरवले.

दोन आजार, दोन घड्याळे

दोघांच्या दुखण्याला घरात एकच नाव होते, संधिवात. पण शरीरात चाललेल्या गोष्टी अगदी वेगळ्या होत्या, आणि हा फरक समजल्याशिवाय पुढची आखणी करता येत नाही.

काकांच्या गुडघ्यात कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गादी, विरळ झालेली आहे, पण नुसती कूर्चाच नाही, तिच्याखालचे हाड, सांध्याचे अस्तर आणि आजूबाजूचे स्नायू असे सगळेच बदललेले आहे. अशा सांध्याचा सकाळचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासात उतरतो. बराच वेळ बसून उठले की पहिली काही पावले जड जातात, आणि दिवसभर भार पडला की संध्याकाळी दुखणे वाढते. काकूंच्या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर चालून जाते. त्यात सकाळी सांधे आखडतात ते तास-तास सुटत नाहीत आणि हालचालीने हळूहळू मोकळे होतात.

आता "रोज सकाळी दोघांनी मिळून फिरायला जा" हा सल्ला यावर ठेवून पाहा. चांगल्या हेतूने दिलेला हा सल्ला त्यांना अनेकांनी दिला होता. सकाळी सातला काका तयार असत, काकूंची बोटे चप्पल घालण्याइतकीही वळत नसत. काका थांबत. नऊ-साडेनऊपर्यंत काकू मोकळ्या होत, तोवर काका बसून बसून ताठलेले असत. संध्याकाळी काकूंना बरे वाटे, काकांचा गुडघा ठणकत असे. दोघांची वेळ जुळत नव्हती, आणि एकट्याने जायचे नाही असा न बोललेला करार होता.

मी त्यांना एक साधा कागद दिला. दिवसाचे तास खाली उतरत, आणि समोर दोन रकाने: काका, काकू. ज्या तासाला अंग मोकळे वाटेल तिथे एक खूण, दुखेल तिथे दुसरी. आठवडाभराने कागद परत आला तेव्हा दोघांच्या मोकळ्या खुणा फक्त अकराच्या सुमारास अर्धा-पाऊण तास एकमेकांसमोर आल्या होत्या. त्या कागदाने निम्मे काम केले असे माझे मत आहे. इतकी वर्षे दोघांना वाटत होते की आपल्यात इच्छाशक्ती कमी आहे.

तपासणी

तीस सेकंदांत खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठता येते, ही चाचणी घरातही करता येण्यासारखी आहे. काका ७ वेळा उठले, काकू ६ वेळा. काकांच्या वयाच्या पुरुषांत १२ पेक्षा कमी आणि काकूंच्या वयाच्या स्त्रियांत ११ पेक्षा कमी म्हणजे पायांचे बळ सरासरीखाली मानतात. खुर्चीवरून उठून तीन मीटर चालत जाऊन, वळून, परत येऊन बसायला काकांना १३.५ सेकंद लागले, काकूंना १४.८. या चाचणीत १२ सेकंद किंवा जास्त लागले की पडण्याचा धोका गृहीत धरून पुढचा विचार करतात.

काकूंची मान मुद्दाम तपासली. जुन्या आमवातात मानेचे वरचे दोन मणके सैल होऊ शकतात. मानदुखीबरोबर हातापायांत मुंग्या, चालताना अनपेक्षित लटपट असे काही असेल तर आधी डॉक्टरांकडे पाठवायचे, व्यायाम नंतर. काकूंना तसे काही नव्हते.

मग दोघांना चालायला लावले, नेहमी चालतात तसे. काकूंनी सवयीने काकांचा डावा हात धरला. त्यामुळे काकांची काठी उजव्या हातात गेली, म्हणजे दुखऱ्या गुडघ्याच्याच बाजूला. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात हवी, तरच पाऊल टाकताना त्या गुडघ्यावरचा भार हलका होतो. इकडे काकू ज्या मनगटाने काकांना घट्ट धरत होत्या तेच त्यांचे जास्त सुजणारे मनगट होते. प्रेमाने हातात हात घेऊन दोघे चालत होते आणि दोघांच्याही सर्वांत दुखऱ्या सांध्यावर नको तो ताण पडत होता. एकेकट्याला तपासले असते तर हे कधीच दिसले नसते.

एकेकट्याशी बोलणे

यानंतर दोघांशी वेगवेगळे बोलले. काका म्हणाले, "मी सकाळी थोडा चालू शकतो हो. पण ती घरात आखडून बसलेली असताना मी एकटा फिरायला जाऊ? बरं दिसतं का ते?" काकू म्हणाल्या, "मी निघाले की हेही निघतात, मला एकटं सोडत नाहीत. मग रात्री गुडघा धरून बसतात. त्यापेक्षा मीच म्हणते, नको आज." दोघांनीही दुसऱ्याला हे कधी सांगितलेले नव्हते. दोघांनाही वाटत होते की दुसऱ्याला इच्छाच नाही.

घरकामाचेही असेच झाले होते. काकूंची बोटे दुखतात म्हणून काकांनी एकेक काम काढून घेतले. झाकणे उघडणे, जड भांडी उचलणे हे ठीकच होते, कारण लहान सांध्यांवर पिळाचा आणि पकडीचा ताण कमी करणे हा आमवातातला योग्यच सल्ला आहे. पण त्याबरोबर उभे राहून करायची, घरात चार फेऱ्या मारायला लावणारी कामेही गेली. बदल्यात काकूंनी काकांना "तुम्ही बसा, मी देते हातात" असे म्हणत खुर्चीवरून उठण्याची कारणे संपवली.

मनापासून केलेली ही सेवा होती, आणि तिला नावे ठेवण्याचा मला काही अधिकार नाही. पण दीर्घकाळच्या वेदनेच्या अभ्यासात हे पुन्हा पुन्हा दिसले आहे की वेदना दिसताच जोडीदार काम हातातून काढून घेत असेल, तर दुखणाऱ्या माणसाची कार्यक्षमता कमी होत जाण्याची शक्यता वाढते. स्नायू कुणाच्या प्रेमामुळे थांबला की भीतीमुळे, हे स्नायूला कळत नाही. वापर थांबला की तो झडतो, आणि मांडीचा पुढचा स्नायू झडला की गुडघ्याला बसणारा धक्का अडवणारे कुणी उरत नाही.

आखणी

पहिल्या बैठकीत व्यायाम शिकवलाच नाही. "वंगण संपलंय" या वाक्यावर बोललो. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. भार पडला की ती स्पंजासारखी दाबली जाते आणि सुटला की सांध्यातला द्रव शोषून घेते. तिचे पोषण त्या दाबण्या-सुटण्यातून होते. बसून राहिल्याने वंगण वाचत नाही. काकांनी हे दोनदा विचारून घेतले. वजनाबद्दलही एकच आकडा सांगितला: गुडघ्याची झीज असलेल्या वजनदार ज्येष्ठांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शरीराचे वजन एका किलोने उतरले की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो असे दिसले होते.

काकूंची भीती निराळी होती: व्यायामाने सांधे आणखी वाकडे होतील. आजार आटोक्यात असताना योग्य मात्रेत केलेला बळाचा व्यायाम आमवात वाढवत नाही. उलट हाडांची घनता कमी असताना आणि आमवातामुळे हृदयविकाराचा धोका वाढलेला असताना व्यायाम टाळणेच महागात पडते. औषध आणि व्यायाम यांतले एक निवडायचे नसते, हेही सांगितले. मेथोट्रेक्सेट सांध्याची आग आवरते, पण स्नायूला बळ देत नाही.

दिवस तीन भागांत वाटला. सकाळी काका एकटे चालणार, दहा मिनिटांपासून सुरुवात, काठी डाव्या हातात. तेवढ्या वेळात काकू कोमट पाण्यात हात बुडवून बोटे, मनगटे, खांदे, घोटे हळूहळू मोकळे करणार. अकरा वाजता दोघे मिळून बळाचा व्यायाम, आठवड्यातून तीन दिवस. संध्याकाळी काकू चालणार आणि काका घरी थांबणार. हा शेवटचा भाग पचायला दोघांनाही सर्वांत जड गेला.

काकूंना रुंद तोंडाचे, जाड मऊ तळाचे बूट घ्यायला सांगितले. पावलाच्या पुढच्या भागात दुखत असताना पातळ चपलेत चालायला सांगणे म्हणजे चालू नका असे सांगण्यासारखेच आहे. बूट बदलल्यावर सपाट रस्त्यावर त्यांना आधाराची गरज उरली नाही. दोघे एकत्र चालतील तेव्हा शेजारी चालायचे, हात धरायचा नाही, हेही ठरले. पहिले काही दिवस काकूंना ते विचित्र वाटले.

अकराच्या व्यायामात फार काही नव्हते. खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवून उठ-बस, जमेल तशी उशी काढायची. बसून गुडघा सरळ करून धरणे. भक्कम ओट्याचा आधार घेऊन टाचा उचलणे, पाय बाजूला नेणे. नंतर सर्वांत खालच्या पायरीवर चढ-उतार. तोलासाठी एका पावलापुढे दुसरे ठेवून उभे राहणे, आणि यात दुसऱ्याने जवळ उभे राहायचे, पण धरायचे नाही. काकूंना डंबेल दिले नाहीत, कारण पकड हाच त्यांचा प्रश्न. लवचिक पट्टा कोपराखाली हाताभोवती अडकवून ओढायला शिकवला. प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळा, दोन फेऱ्या, आणि शेवटचे दोन कष्टाचे वाटायला हवेत. कष्टच वाटले नाहीत तर बळ येत नाही. ज्येष्ठांना दिल्या जाणाऱ्या व्यायामांत मला सर्वाधिक दिसणारी उणीव हीच आहे: जन्मभर तेच हलके हातवारे.

दुखण्याचा नियम ठरवून दिला. शून्य ते दहा या मापात पाचपर्यंत दुखले तरी चालेल, अट एकच की दुसऱ्या सकाळपर्यंत ते नेहमीच्या पातळीवर आले पाहिजे. आले नाही तर व्यायाम सोडायचा नाही, मात्रा कमी करायची. काकूंसाठी जास्तीची ओळ: जो सांधा गरम आणि सुजलेला, त्याच्यावर त्या दिवशी भार नाही, फक्त हळुवार हालचाल. बाकीच्या अंगाचा व्यायाम चालू. अनेक सांधे एकदम उसळले तर संधिवाततज्ज्ञांना कळवायचे. आणि एकच सांधा अचानक लालबुंद, गरम होऊन सोबत ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, कारण तो सांध्यातला जंतुसंसर्ग असू शकतो.

सर्वांत खाली दोघांकडून लिहून घेतले: एक थांबला तरी दुसरा थांबणार नाही.

काय घडले

पाचव्या आठवड्यात काकांना फार बरे वाटले म्हणून ते नेहमीच्या तिप्पट चालून आले. गुडघा सुजला. काकू काळजीने म्हणाल्या, "सांगितलं होतं ना?" काकांनी सगळेच सोडून दिले. चांगल्या दिवशी अति आणि नंतर काहीच नाही, हा प्रकार झिजेच्या दुखण्यात नेहमीचा. सूज उतरल्यावर निम्म्या अंतरापासून पुन्हा सुरुवात केली आणि पुढे एका वेळी दोन-तीन मिनिटेच वाढवायची, बरे वाटले तरी, असे ठरवले.

त्या आठवड्यात गुडघ्यापेक्षा बोलण्यावर जास्त वेळ गेला. संशोधक लिन मार्टायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली गुडघ्याची झीज असलेले रुग्ण आणि त्यांचे जोडीदार यांच्या रोजच्या नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या. ज्या दिवशी जोडीदाराने निर्णय रुग्णावर सोडून साथ दिली त्या दिवशी हालचाल जास्त झाली, आणि पुरुष रुग्णांवर बायकोकडून दबाव आला त्या दिवशी ती कमी झाली. काकूंना हे सांगितले तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी विचारले, "मग मी म्हणू काय?" प्रश्न अगदी योग्य होता. नुसते "दबाव टाकू नका" सांगून भागत नाही, त्या जागी बोलायला काहीतरी हवे. आम्ही तिघांनी मिळून काही वाक्ये ठरवली. "जाऊ नका, दुखेल" याऐवजी "आज किती जमेल असं वाटतं?" "चला, उठा आता" याऐवजी "मी अकराला सुरू करतेय." काकांसाठी "दे इकडे, मी करतो" याऐवजी "मदत हवी का?" आणि उत्तर येईपर्यंत हात पुढे करायचा नाही.

आठव्या आठवड्यात काकूंचा आजार उसळला. मनगटे आणि गुडघे सुजले, सकाळचा ताठरपणा दोन तासांवर गेला. संधिवाततज्ज्ञांनी औषधात बदल केला. पूर्वी अशा वेळी काका दिवसभर त्यांच्याजवळ बसून राहत. या वेळी लिहून घेतलेली ओळ कामी आली. काका सकाळचे चालून आले, आणि काकूंना अपराधी वाटले नाही. त्यांनीच सांगितले की हे बाहेर जाऊन आले की मला बरे वाटते, माझ्यामुळे कुणी अडकलेले नाही असे वाटते. त्या स्वतः अंथरुणात बसून सुजलेले सांधे हळुवार हलवत राहिल्या आणि दहा-बारा दिवसांत अकराच्या व्यायामाला परतल्या.

बारा आठवड्यांनी काका तीस सेकंदांत ११ वेळा उठले, काकू ९ वेळा. चालून येण्याची वेळ काकांची ११, काकूंची १२.२ सेकंदांवर आली. काकांचे जिन्यावरचे दुखणे दहापैकी सहावरून चारवर. वजन ८२ किलो. काकूंची पकड जवळपास होती तेवढीच राहिली. त्यासाठी हातांचा वेगळा कार्यक्रम लागेल.

चर्चा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात ६५ वर्षांवरील लोकांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, किमान दोन दिवस स्नायूंच्या बळाचा व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल व बळ यांवर भर देणारी विविध हालचाल सांगितली आहे. काका-काकू अजून १५० मिनिटांच्या खालीच आहेत. पण सुरुवातीला त्यांना हा आकडा सांगितला असता तर त्यांनी तो ऐकून घरी जाऊन बसणेच पसंत केले असते. काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले बरे, हेही त्याच मार्गदर्शनात म्हटले आहे.

इंग्लंडमधील ज्येष्ठांच्या दीर्घकालीन पाहणीतील ३,७२२ जोडप्यांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. जोडीदार नव्याने हालचाल करू लागला तर दुसराही करू लागण्याची शक्यता वाढते असे त्यात दिसले, आणि आधीपासूनच चपळ असलेल्या जोडीदारापेक्षा नव्याने सुरुवात करणाऱ्याचा प्रभाव जास्त होता. दोघेही बसून असलेल्या घराकडे मी म्हणूनच आशेने पाहते. तिथे दोघांनाही नव्याने सुरुवात करायची असते.

मात्र एकत्र सुरुवात करणे म्हणजे एकाच वेळी, एकाच गतीने, एकच व्यायाम करणे नव्हे. या जोडीत उपयोगी पडले ते बरेचसे वेगळे करणेच होते: वेगळी वेळ, वेगळे अंतर, वेगळे थांबण्याचे नियम, आणि मध्ये अर्ध्या तासाची एक सामाईक जागा. सुधारणेतला किती वाटा व्यायामाचा, किती औषधबदलाचा आणि किती बदललेल्या बोलण्याचा, हे अशा एका प्रकरणावरून वेगळे काढता येत नाही. उपचारकेंद्रात रुग्ण आत आणि जोडीदार बाहेर ही पद्धत मात्र मला बदललेली हवी आहे. त्यासाठी एक खुर्ची आणि पंधरा मिनिटे जास्त लागतात.

सध्याची स्थिती

काकांच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलायचा का, हा प्रश्न अजून उभा आहे. अस्थिरोगतज्ज्ञांनी घाई नसल्याचे सांगितले आहे. शस्त्रक्रिया करायची ठरलीच तर आता कमावलेले मांडीचे बळ नंतरच्या दिवसांत उपयोगी पडेल. काकूंच्या हाडांची घनता पुन्हा मोजायची आहे आणि हातांचा कार्यक्रम सुरू करायचा आहे. पुढच्या भेटीची वेळ दोघांच्या नावावर घेतली आहे, सकाळी अकराची.